दादांची समाधी

आमच्या सौभाग्यवतींच्या बेंबीपाशी सुपारीएवढा एक उंचवटा कित्येक वर्षे होता. स्नान झाले की ती दोन बोटांनी तो आत सारी, "बसा आता दिवसभर गप्प" असे त्याला बजावी आणि पदर खोचून कामाला लागे. डॉक्टरांनी त्याला हर्निया म्हटले होते आणि सवडीने शस्त्रक्रिया करून घ्या, असेही सांगितले होते. ती सवड आम्हाला कधी सापडली नाही.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो होतो. देवांना स्नान घालून झाले होते, गंध लावायचे राहिले होते. तोच न्हाणीघरातून हाक आली.

"अहो, हा आत जात नाहीये."

त्या हाकेत नेहमीचा खट्याळपणा नव्हता. मी तसाच उठलो. उंचवटा लिंबाएवढा झाला होता, त्यावरची कातडी ताणून चकाकत होती आणि हात लावू म्हटले तरी ती कळवळत होती. थोड्याच वेळात ओकाऱ्या सुरू झाल्या. शेजारच्यांनी रिक्षा आणली आणि पनवेलच्या तळ्याच्या काठाने आम्ही गावातल्याच एका रुग्णालयात पोहोचलो.

तिथल्या शल्यचिकित्सकांनी पोट पाहिले, क्ष-किरण छायाचित्र पाहिले आणि मला बाजूला घेतले. आतड्याचा एक वेढा त्या फटीत अडकून आवळला गेला होता. त्याला रक्त मिळेनासे झाले तर तो तुकडा काळा पडेल, फुटेल, आणि मग सारे अवघड होईल. "दुपारपर्यंत थांबणं नाही, आजोबा. ताबडतोब करायला हवं." मी संमतीची सही केली.

मग भूलतज्ज्ञ आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण घाई असूनही खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसल्या. ते मला बरे वाटले. त्यांनी एकेक प्रश्न विचारला. दात खरे की खोटे, शेवटचे केव्हा खाल्ले, दम लागतो का, आधी कधी शस्त्रक्रिया झाली आहे का. शस्त्रक्रिया तिची कधीच झाली नव्हती, दोन्ही बाळंतपणे घरीच झाली होती. हृदयासाठी ती रक्त पातळ करणारी गोळी घेत होती. त्यामुळे कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करण्याची वाट बंद होती. पूर्ण भूलच द्यावी लागणार होती.

"तुमच्या माहेरी, रक्ताच्या नात्यात कोणाला भुलीचा काही त्रास झाला होता का, आजी?"

"नाही हो. देवाची कृपा. आमच्यात कोणाला काहीसुद्धा झालं नाही."

डॉक्टर उठल्या. दाराकडे वळल्या. माझा चेहरा पाहून पत्नीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"एवढं तोंड पाडू नका. दादासारखी माझीही समाधी लागली, तर तेवढाच मोक्षाचा खर्च वाचेल."

"शुभ बोलावं," मी दटावले. "वास्तू तथास्तु म्हणत असते." शस्त्रक्रियेला जाणाऱ्या माणसाने तोंडातून अभद्र काढू नये, ही आमच्या घरची रीत. प्रस्थानाच्या वेळी शिंक आली तरी आम्ही दोन घटका थांबणारी माणसे.

पण दारातली पावले थांबली होती.

"आजोबा, बोलू द्या त्यांना," डॉक्टर परत आल्या. "कसली समाधी, आजी?"

आता तिला ओकारीच्या उमाशातही सांगायचा हुरूप आला. ही कथा तिच्या माहेरचे भूषण होती. मी ती प्रथम लग्नाच्या पंगतीत सासूबाईंच्या तोंडून ऐकली होती. तिचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारेच दादा म्हणतो, तरुणपणी रोज पहाटे प्राणायाम करीत. शिरढोणच्या घरातून त्यांना अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी पनवेलला आणले. सकाळी आत नेले. शस्त्रक्रिया केव्हाच आटोपली, तरी दादा डोळे उघडेनात. देह लाकडासारखा निश्चल, छातीचा भाता आपला आपण हलेना, मुखावर मात्र अपूर्व शांती. दाराच्या फटीतून आईने ते पाहिले आणि हात जोडून म्हणाली, "माझ्या लेकाला समाधी लागली." दिवेलागणीला ते भानावर परत आले. तेव्हापासून गावात पहिले गंध दादांना. नवी सून आली की आधी दादांच्या पायावर. त्या कथेला मी कधी प्रश्न विचारला नाही. सासुरवाडीच्या गोष्टींना प्रश्न विचारायची आमच्या काळी पद्धतच नव्हती.

डॉक्टर मात्र विचारत होत्या, आणि प्रत्येक उत्तरासरशी त्यांच्या चेहऱ्यावरचे स्मित विरत चालले होते.

"श्वास स्वतःचा स्वतः येत नव्हता?"

"नव्हता. म्हणून तर समाधी!"

"हे तुमचे सख्खे भाऊ?"

"एका आईबापाचे. पाठचीच मी त्यांच्या."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आजोबा, मला त्यांच्याशी आत्ता बोलायचंय. आत्ताच."

दादांना मी सकाळीच कळवले होते आणि ते निघालेही होते. फोन लागेपर्यंत डॉक्टरांनी मला थोडक्यात समजावले. ते शब्द मी आजवर जपले आहेत.

"आपण भूल, भूल असा एकच शब्द वापरतो. पण आत मी तीन निरनिराळी कामं करते. झोप आणते, वेदना बंद करते आणि स्नायू सैल पाडते. प्रत्येकाचं औषध वेगळं. स्नायू सैल पाडणाऱ्या औषधानं झोप येत नाही. फक्त हालचाल थांबते आणि श्वासही थांबतो, कारण श्वास घेणं हेही स्नायूंचंच काम. तेवढा वेळ श्वास मी देते. आता आजींचं पोट रिकामं नाही. झोपवल्यावर उलटी छातीत जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी झटकन घालावी लागेल, आणि त्यासाठी सगळ्यात झटकन काम करणारं एक औषध आहे. चार-पाच मिनिटांत रक्तच त्याला मोडून टाकतं. पण काही घराण्यांत रक्तातला तो मोडणारा पदार्थ जन्मतः नीट नसतो. मग मिनिटांचे तास होतात."

"आणि तसे झाले तर?"

"ओळखलं, तर काही बिघडत नाही. रुग्णाला झोपेतच ठेवायचं आणि उतरेपर्यंत यंत्रानं श्वास द्यायचा. ओळखलं नाही, तर झोप उतरते आणि औषध उतरत नाही."

त्या वाक्याचा अर्थ माझ्या मनात शिरायला क्षणभर लागला.

दादांचा फोन लागला. ते पळस्प्याच्या फाट्यावर शेअर रिक्षात होते. पुढे ट्रक आडवा झाल्याने गाड्या खोळंबल्या होत्या. रिक्षात गावचीच माणसे असावीत, कारण मागून "दादा, कडेला सरका, वारा लागंल" असे आदराचे बोल ऐकू येत होते. डॉक्टरांनी फोनचा आवाज मोठा केला.

"आजोबा, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी नेमकं काय झालं होतं?"

"बाळ, ती अवस्था शब्दांत सांगता येत नाही," दादा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले होते.

"तुम्ही बेशुद्ध होतात, की शुद्धीवर असून हलता येत नव्हतं? तुमच्या बहिणीसाठी मला हे समजायला हवं. बेशुद्ध असाल तर भुलीचं औषध जास्त झालं असेल. तो वेगळा विषय."

"ईश्वराची इच्छा होती. एवढंच मी म्हणतो."

डॉक्टरांनी असहायपणे माझ्याकडे पाहिले. आतून शल्यचिकित्सकांचा आवाज आला, "मॅडम, टेबल तयार आहे!" पत्नी डोळे मिटून ओठ आवळीत होती.

माझे बाळपण पाठशाळेत गेले. वैद्यक मला अक्षरभरही कळत नाही. पण समाधी या शब्दाचे लक्षण मी गुरूंच्या पायाशी बसून शिकलो आहे. ज्याची समाधी लागली त्याच्या कानाशी नगारा वाजला तरी त्याला तो ऐकू येत नाही, कारण मनच इंद्रियांपाशी उरलेले नसते. मी फोन हातात घेतला.

"दादा, मी बोलतोय. एकच विचारतो. तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं का?"

पलीकडे रिक्षाचे इंजिन धडधडत होते. कोणीतरी भोंगा वाजवला.

"भावोजी, गाडीत माणसं आहेत."

"तुमच्या बायोला आत घेऊन चालले आहेत, दादा."

मग त्यांचा आवाज आला, तो मी कधी ऐकला नव्हता. कीर्तनकाराचा नव्हे, लहान मुलाचा.

"येत होतं. सगळं ऐकू येत होतं."

"काय झालं हो दादा?" मागून कोणीतरी विचारले. दादा थांबले नाहीत.

"दोघं जण आळीपाळीनं फुगा दाबत होते. एक म्हणाला, याचा श्वास येत नाहीये, थांबू नकोस. दुसरा म्हणाला, माझे हात भरून आले. मला वाटत होतं, हा थांबला की मी संपलो. मी करंगळी हलवायला बघत होतो. सगळा जीव त्या करंगळीत आणला होता, भावोजी. हलली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, तर बाहेर आई म्हणाली, आनंदाश्रू आहेत."

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "आजोबा, तुम्ही मला फार मोलाचं सांगितलंत. आता मी त्या औषधाला हात लावणार नाही."

पुढचा प्रहर मला आयुष्यातला सर्वांत लांब वाटला. दुसरे एक औषध होते, तेही पुरेसे झटकन काम करणारे, पण त्याचा अंमल बराच वेळ राहतो. नळी घालताना अडचण आली तर तो अंमल तत्काळ पुसून टाकणारे आणखी एक औषध हाताशी असावे लागते. डॉक्टरांनी त्याला उतारा म्हटले. तो उतारा त्या रुग्णालयात नव्हता. खारघरच्या एका औषधविक्रेत्याकडे होता. तिथून माणूस मोटारसायकलवर निघाला होता.

शल्यचिकित्सक हिरव्या झग्यातच बाहेर आले.

"मॅडम, एका दंतकथेवर किती थांबायचं? तिकडे आतडं काळं पडतंय."

"दंतकथा नाही सर. सख्खा भाऊ आहे."

"नळी तुम्ही रोज घालता. आज काय अडणार आहे?"

"मान आखूड आहे, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय. नळी नाही गेली, तर सैल पडलेलं माणूस हातात घेऊन मी काय करू? उतारा आला की पुढच्या मिनिटाला सुरू करते. तोवर नाकातून नळी घालून पोट रिकामं करते."

"आणि आतड्याचा तुकडा कापावा लागला तर?"

"तर कापू या. आजी राहतील."

दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि हेच माझ्या जिवाला लागत होते. एकाच्या मते थांबणे घातक, दुसऱ्याच्या मते न थांबणे. मध्ये ती होती, आणि नाकात नळी असल्याने आयुष्यात प्रथमच तिला बोलवत नव्हते. वॉर्डातल्या मावशी तिचे तोंड पुसत म्हणाल्या, "आजी, हालू नका. नळी बाहेर आली त डॉक्टरीन माज्यावर वरडंल." तिने मावशींकडे असे पाहिले, की बोलणे शिल्लक असते तर मावशींची धडगत नव्हती.

मी जप करायला बसलो. जप होईना. श्वासाबरोबर नाम घ्यायची माझी सवय, आणि श्वासाकडे लक्ष गेले की करंगळी आठवे. इतकी वर्षे मी लोकांना प्राण म्हणजे काय ते सांगत आलो. प्राण हा दोन दमलेल्या हातांतल्या रबरी फुग्यातही असू शकतो, हे मला कोणी शिकवले नव्हते.

दादा आधी पोहोचले. एकटेच आले. बरोबरची माणसे बाहेरच्या पायरीवर थांबली होती आणि त्यांच्यातला कोणीही आत डोकावत नव्हता. दादांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या शेजारी बाकावर बसले आणि उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळीत राहिले.

"आईला कसं सांगणार होतो?" ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "तिनं दारात निरांजन आणलं होतं. मला बोलता येऊ लागलं तेव्हा गाव माझे पाय धरत होतं. मग राहिलं ते राहिलंच."

"तुम्ही आज सांगितलंत, दादा."

"रात्री मी दिवा मालवून झोपत नाही, भावोजी. अजून नाही. लोकांना वाटतं अखंड नंदादीप आहे."

मोटारसायकलवाला धावत जिना चढून आला. हेल्मेट त्याच्या डोक्यावरच होते. डॉक्टरांनी पुडके त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतले, बाटलीवरचे नाव दोनदा वाचले, परिचारिकेकडून एकदा वाचून घेतले आणि पत्नीची ढकलगाडी आत गेली. दार मिटले.

आम्ही दोघे त्या दाराशी उभे राहिलो. बसा म्हटले तरी बसवेना. आतून यंत्राची एकसुरी टुकटुक येत होती. ती एकदा मंदावल्यासारखी वाटली आणि दादांनी माझा दंड धरला. पुन्हा ती लयीत आली. त्यांची बोटे सुटली नाहीत.

किती वेळ गेला, ते मी पाहिले नाही. मधे परिचारिका बाहेर येऊन सांगून गेली की आतडे काळसर झाले होते, पण मोकळे करून उबदार पाण्याने शेकल्यावर त्याला रंग आला, कापावे लागले नाही. मी हात जोडले. दादांनी जोडले नाहीत. त्यांचे कान दाराला लागलेले होते. आमची भीती आता निराळी होती. सुटका व्हायची ती अजून व्हायचीच होती.

डॉक्टरांनी नंतर सांगितले की त्या वेळी तिच्या मनगटाजवळच्या मज्जातंतूवर एक बारीकसे यंत्र लावून त्या बसल्या होत्या. ते यंत्र ओळीने चार टिचक्या देते. अंगठा चारही वेळा सारख्याच जोराने हलला, तरच स्नायूंत बळ आले असे समजायचे, नुसते डोळ्यांनी पाहून अंदाज बांधायचा नाही. पहिल्यांदा चौथी टिचकी क्षीण आली. त्यांनी उतारा दिला. पुन्हा मोजले. चारही सारख्या येईपर्यंत झोपेचे औषध थांबवले नाही.

आम्हाला बाहेर फक्त आवाज आला.

"आजी! डोळे उघडा. आजी, डोकं उचला. उचला बघू उशीवरून."

दादांनी श्वास रोखला. मला तो रोखलेला ऐकू आला.

"उचला, आणि धरून ठेवा."

"उचललंय की," आतून घोगरा, रागावलेला आवाज आला. "किती वेळ धरू? मान अवघडली."

दादा भिंतीला टेकून खाली बसले, अगदी जमिनीवर. या वयात त्यांना तसे बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

तिला बाहेर आणले तेव्हा ते गुडघ्यावर हात रेटून उठले आणि गाडीबरोबर चालू लागले. तिच्या चेहऱ्यावर वाकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखते का, हा नव्हता.

"बायो, आतलं काही ऐकू आलं का गं?"

"काय ऐकू येणार?" ती झोपेत म्हणाली. "डोळा मिटला नि उघडला. मध्ये काही नाहीच."

"काहीच नाही?"

"नाही रे दादा. झोपू दे की जरा."

दादा गाडीच्या दांडीला धरून उभे राहिले आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळू लागले. या खेपेस कोणी त्याला नाव दिले नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही भावंडांचे रक्त तपासायला घेतले. अहवाल येईल तेव्हा येईल, पण तोवर दोष आहे असेच धरून चालायचे, असे त्यांनी बजावले. दादांची मुले, नातवंडे, सर्वांना सांगायला हवे. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी, डॉक्टरांनी न विचारता, आपण होऊन त्या औषधाचे नाव सांगायचे.

"नाव काय म्हणालात?" दादांनी विचारले.

"सक्सिनिलकोलिन."

"सस्कि... सक्लि..."

"लिहून देते."

"लिहाच. पण कागद हरवतात, बाळ. तोंडी यायला हवं."

डॉक्टर गेल्यावर दादा माझ्याकडे सरकून बसले. सुईच्या जागी कापूस धरून त्यांनी हात दुमडला होता. "भावोजी, घरच्यांना आजवर समाधी एवढंच ठाऊक आहे. उद्या त्यांच्यासमोर हे नाव अडखळत घेतलं, तर म्हणतील म्हातारा चळला. संथा द्या मला."

वेदपठण शिकवताना गुरू एकेक पद म्हणतो आणि शिष्य ते दोनदा म्हणतो. तीच आमची संथा. गुरूंनी मला दिली तशीच मी ती दिली. पदे तोडली, मात्रा सांभाळल्या.

"सक्सि."

"सक्सि. सक्सि."

"निल."

"निल. निल."

"कोलिन."

"कोलिन. कोलिन."

"आता जोडून. सक्सिनिलकोलिन."

मावशी बादली घेऊन चालल्या होत्या. त्या थबकल्या. "ओ आजोबा, ह्यो दवाखाना हाय, देऊल नाय. कंचा मंत्र चाललाय?"

"मंत्र नाही, मावशी," दादा म्हणाले. "औषधाचं नाव आहे. हे मला चालत नाही."

आणि मान वळवून त्यांनी मला पुन्हा पहिल्या पदापासून घ्यायला सांगितले.